तो मुका मार नव्हता

ठोकळा माझ्या डाव्या बरगडीखाली बसला तेव्हा रक्ताचा एक थेंबही आला नाही. रक्त आलं असतं तर घरातल्यांनी मला त्याच घटकेला दवाखान्यात नेलं असतं. ते आलं नाही, म्हणून मी मरायला टेकलो.

साताऱ्याला ज्या डॉक्टर मॅडमनी माझं पोट उघडलं, त्यांनीच हे लिहायला सांगितलं. "आम्ही सांगून लोक ऐकत नाहीत. तुम्ही त्यातून गेलात, तुमचं ऐकतील," असं त्या म्हणाल्या. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे, त्यावर मी बीएस्सी झालो. चार माणसांच्या उपयोगाचं काही लिहायची वेळ आल्यावर मागे सरणं मला बरं वाटलं नाही.

माझी प्लीहा गेली. तिला आपल्याकडे पानथरी म्हणतात. पण त्या ठोकळ्याने आणखी एक गोष्ट जायच्या बेताला आणली होती, ती म्हणजे आईचं माहेर. दोन्ही सांगतो.

मशीन

म्हसवडच्या बाहेर घराला लागून आमची पत्र्याची शेड आहे. तिथे मी पाट, चौरंग, पोळपाट, देव्हारे बनवतो. शेडमधलं मुख्य यंत्र म्हणजे थिकनेस प्लेनर. टेबलावर ठेवता येतो, दोघांनी धरला तर गाडीत घालून कुठेही नेता येतो. गावात त्याला सगळे 'रंध्याची पेटी' म्हणतात. एका तोंडातून फळी द्यायची. आतले दोन रबरी रूळ ती ओढून घेतात, दोन रुळांच्या मधोमध फिरणाऱ्या पात्या तिचा वरचा थर सोलतात आणि फळी सारख्या जाडीची होऊन पलीकडे निघते. हाताने दिवसभर जे काम चालतं ते घटकेत होतं. चालू झाली की ती किंचाळते. पत्रा थरथरतो, बोललेलं ऐकू येत नाही.

मामा तासगावकडचा. आईचा थोरला भाऊ. तिकडे तालीम चालवतो, सगळे त्याला वस्ताद म्हणतात. तालमीशेजारची जुनी बाभळ वाऱ्याने पडली होती. जोर मारताना तळहाताखाली घ्यायला तिचे ठोकळे करायचे त्याच्या मनात आलं, आणि पोरांकडून कापून घेऊन तो पोतंभर ठोकळे खांद्यावर टाकून आला. वीतभर लांबीचे, गाठींनी भरलेले, दगडासारखे जड.

मी म्हणालो, "मामा, लय आखूड कापलंय. पेटीतनं काढता येत न्हाईत असलं. लांब फळी असती तर आधी पेटीतनं काढून मग कापली असती. आता हातरंध्यानं करतो. दोन दिवस द्या."

"दोन दिवस? यात्रेचं मैदान तोंडावर आलंय रं. पोरांच्या हातात सलं शिरत्यात." त्याने मशीनला थाप मारली. "ही काय पूजा करायला घेतलीस व्हय? एवढं धूड, आन् वीतभर ठोकळ्याला भितंय."

"मशीन न्हाई भीत, मी भितो."

"मग बीएस्सीत हेच शिकवलं म्हणायचं!"

मी हसलो आणि बटण दाबलं.

असा ठोकळा का घालायचा नसतो ते सांगतो. पहिल्या रुळाने लाकूड सोडायच्या आत दुसऱ्या रुळाने ते धरलं पाहिजे. दोन रुळांमधल्या अंतराहून लाकूड आखूड असलं की मधेच ते कुणाच्याच ताब्यात राहत नाही आणि नेमकं त्याच जागी पात्या असतात. पहिला ठोकळा निघाला. दुसराही निघाला, मामाने तो गालावर घासून "लोणी झालंय लोणी" म्हणून दाखवला. तिसऱ्यात मोठी गाठ होती.

किंचाळी एकदम तुटली. आत काहीतरी धाडकन आपटलं, आणि ज्या तोंडातून मी ठोकळा आत दिला होता त्याच तोंडातून तो बाहेर आला. मी बरोबर समोर उभा होतो. मला तो दिसलाच नाही. बैलाने शिंग खुपसावं तसा धक्का बसला. माझ्यावर आपटून ठोकळा बाजूच्या पत्र्यावर गेला आणि पत्र्याला पोचा पाडून खाली पडला. मी गुडघ्यांवर होतो. तोंड उघडं, पण श्वास आत जात नव्हता. मशीन रिकामीच किंचाळत होती आणि मामा तिला शिव्या देत बटण शोधत होता.

रगडणं

आमच्या भागात माराचे दोनच प्रकार मानतात, रक्ताचा आणि मुका. रक्ताच्या माराला दवाखाना, मुक्या माराला वस्ताद. मामाने कितीतरी पैलवानांचे निखळलेले खांदे बसवलेत, मुरगळलेले घोटे चोळून बरे केलेत. माझा सदरा वर करून त्याने पाहिलं. हळूहळू निळा होत चाललेला डाग, बस्स.

"मुका मार हाय. रगडल्याबिगर जात न्हाई. शालन, तेल तापव. आंबेहळद हाय का घरात?"

आईने दोन्ही आणलं. अण्णांनी माझे पाय धरले. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे सगळा राग एकट्या मामावर निघाला. पाय अण्णांनी धरले होते, तेल आईने तापवलं होतं आणि सदरा मी स्वतः वर केला होता.

मामाचा अंगठा म्हणजे पहार. तो बरगडीखाली शिरला तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी पंचा तोंडात धरून त्यात दात रोवले. मामाने पंचा ओढून काढला.

"वरड. वरडलं की मार निघतो."

मी ओरडलो. शेजारची म्हातारी दारात येऊन "वस्ताद, पोराला मारताय का वाचिवताय?" म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी पोट फुगल्यासारखं झालं. पण जास्त दुखत होता डावा खांदा. आडवा झालो की खांद्याच्या टोकाला सुरी खुपसल्यासारखी कळ यायची. खांद्याला काहीच लागलं नव्हतं. मामा म्हणाला, "पडताना आखडला आसंल," आणि त्याने पाय माझ्या काखेत रोवून हात ओढला. मग परत पोट रगडलं. या वेळी आधीपेक्षा जोरात.

पुढच्या सकाळी मला सारखी तहान लागत होती. आई माझ्याकडे बघतच राहिली.

"आवं, याचं ओठ बघा. चुना लावल्यागत झाल्यात."

मी बादली उचलायला वाकलो. पोटात काहीतरी सैल झालं, गरम पाण्याची पिशवी फुटावी तसं. मग अंगणातली फरशी वेगाने वर आली आणि माझ्या तोंडावर आदळली.

सातारा

जीपमध्ये माझं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव अशी नावं कानावर पडत होती आणि प्रत्येक खड्ड्याला मी कुत्र्यासारखा केकाटत होतो. मामा पुढे बसून ड्रायव्हरच्या खांद्यावर बुक्क्या मारत होता. "हाण गाडी! हाण म्हणतो न्हवं!"

दवाखान्यात मॅडमनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर टेकवलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"पोटात रक्तच रक्त आहे. प्लीहा फाटलीय. आत्ताच्या आत्ता घ्यावं लागेल." मग वर न बघता त्यांनी विचारलं, "मार लागल्यावर पोट कुणी दाबलंय? मालिश वगैरे?"

मला ढकलगाडीवर घेतलं होतं, एक पोरगा कात्रीने माझे कपडे फाडत होता.

"मी," मामा म्हणाला. "दोनदा. लय जोरात."

ऑपरेशनच्या आधी मी पाहिलेली शेवटची गोष्ट ही: अण्णांची मूठ मामाच्या तोंडावर बसली. अण्णा किरकोळ अंगाचे. मामाने मनात आणलं असतं तर एका हाताने त्यांना छतापर्यंत उचललं असतं. तो हात खाली सोडून उभा राहिला. दुसरी मूठ बसली, तिसरी बसली. ओठ फाटून रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. आई दोघांच्या मधे शिरली तेव्हा अण्णांचा कोपर तिच्या गालफडात बसला. मग दार मिटलं.

वॉर्ड

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत टाके. कुणीतरी मला मधोमध चिरून घाईघाईत शिवलंय असं वाटत होतं, आणि तसंच झालं होतं.

ज्यांना यातून जायचंय त्यांना एक कामाची गोष्ट सांगतो. एक उशी जवळ ठेवा. खोकला आला की ती दोन्ही हातांनी पोटावर घट्ट दाबा आणि मगच खोका. सिस्टरने हे शिकवलं नसतं तर मी खोकायचंच टाळलं असतं आणि छातीत कफ साठला असता. पहिल्यांदा उठून उभं राहताना टाके उसवणार अशी खात्री वाटते. ते उसवत नाहीत.

दुसरी गंमत वाऱ्याची. आतडी चालू झाली की नाही हे त्यावरून कळतं, म्हणून राउंडला आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, "गॅस पास झाला का?" पलीकडच्या खाटेवर वाईचे एक गुरुजी होते, अपेंडिक्सचे. ज्या सकाळी माझा आवाज झाला त्या सकाळी त्यांनी हात जोडले आणि वॉर्डभर ओरडून सांगितलं, "सिस्टर, सुहासराव सुटले!" हसताना उशी दाबायचं राहून गेलं आणि मी कळवळलो.

भीती नंतर आली. बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी भिंतीला ड्रिल मारायला लागलं. ते यंत्र माझ्याकडेच येतंय असं वाटून मी हातातली सलाईनची सुई ओढून काढली आणि खाटेवरून खाली उतरलो. चादरीवर, भिंतीवर रक्त. दोन सिस्टरनी मला धरून आडवा केला. त्यातली थोरली रागावली नाही. तिने जाऊन ड्रिल बंद करायला लावलं आणि माझ्याजवळ बसून म्हणाली, "सगळ्यांना होतं बाळा. तू एकटा नाहीस." त्या वाक्याचं ऋण कायमचं आहे.

रक्त मला पुष्कळ लागलं. मामाच्या तालमीतले पैलवान टेम्पोत बसून आले. म्हशीला आडवी पाडतील असली पोरं सुई बघून पांढरी पडत होती, एक तर खुर्चीवरून खाली घसरला. अण्णांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. पण कुणी "वस्तादांनी धाडलंय" म्हणालं की ते कप उचलून निघून जायचे. मामा खाली फाटकाशी बसून असायचा. वर यायला त्याला बंदी होती. आई डब्यातली भाकरी घेऊन हळूच खाली जायची आणि तशीच परत आणायची. तो खात नव्हता.

शेवटी अण्णांनी मॅडमना तोंडावर विचारलं, "खरं सांगा. ठोकळ्यानं फुटली का त्याच्या हातानं?"

"फाटली ठोकळ्यानं," मॅडम म्हणाल्या. "रगडल्यामुळे किती वाढलं ते कुणीच सांगू शकणार नाही. पण वेळ गेला. त्याच दिवशी आणलं असतंत, तर कदाचित पोट उघडावंही लागलं नसतं."

घरी जाताना प्रत्येकाने त्या उत्तरातला आपापला तुकडा उचलून नेला. आईने 'ठोकळ्यानं' एवढंच ऐकलं, अण्णांनी 'रगडल्यामुळे' एवढंच. "तुझा भाऊ माझ्या उंबऱ्यात दिसला तर एक तरी मुडदा पडंल," अण्णा जीपमध्ये म्हणाले. आई म्हणाली, "मग मला बी हितंच उतरवा." ती उतरली नाही, पण तिने तोंड खिडकीकडे केलं ते घर येईपर्यंत वळवलं नाही.

कामाच्या गोष्टी

ज्या माणसाकडे ही पेटी आहे त्याने फुटापेक्षा आखूड लाकूड तिच्यात घालू नये. घाई कुणाचीही असो, थट्टा कुणीही करो. लांब फळी आधी सोलायची, मग तुकडे करायचे. तुकडेच हातात आले असतील तर हातरंधा घ्यायचा. फळी कितीही लांब असली तरी तोंडासमोर उभं राहायचं नाही, आत देऊन झालं की बाजूला सरकायचं. बघायला आलेल्यालाही समोर उभं करायचं नाही. एका वेळी नखाएवढाच थर काढायचा. जुन्या लाकडावरून लोहचुंबक फिरवून खिळे काढायचे. हातमोजे, मनगटातला धागा, उपरणं, ओढणी, पदर यातलं काहीही रुळाजवळ न्यायचं नाही. रूळ कापड धरतात आणि कापडामागे हात जातो. आत काही अडकलं, तर बटण बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून ओढून काढायची, पात्या थांबल्याची खात्री करायची, मगच हात घालायचा.

आणि पोटाला मार लागल्यावर, डाग असो वा नसो, कुणाला हात लावू देऊ नका. न लागलेल्या डाव्या खांद्यात कळ आली तर तो खांदा नाही, आतलं रक्त आहे. गाडी काढा. प्लीहा काढलेल्यांनी सांगितलेल्या लसी घ्यायच्या आणि ताप आला तर घरी थांबायचं नाही. मॅडमनी हे माझ्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं.

अंगण

घरी आल्यावर मी काठी धरून अंगणात फिरू लागलो होतो. सकाळची वेळ. फाटक वाजलं आणि मामा आत आला. दाढी वाढलेली, ओठावर खपली, हातात घण.

अण्णा भिंतीशी वाळू चाळत होते. त्यांनी खोरं उचललं.

"दाजी, मी तुमच्याकडं न्हाई आलो," मामा म्हणाला. "मी त्या पेटीकडं आलोय. तिचा चुरा करतो, मग तुमी माझा करा."

"पोराचं पोट फाडलंस, आता त्याच्या पोटावर पाय देतोस?" अण्णा ओरडले. "त्याची भाकरी हाय ती!"

त्यांनी खोरं चालवलं. ते मामाच्या दंडावर बसलं, कातडी फाटली. या वेळी मामाने हात खाली सोडले नाहीत. घण टाकून त्याने अण्णांच्या कमरेला मिठी घातली आणि दोघे वाळूत कोसळले. साठीला आलेली दोन माणसं. अण्णांचे दात मामाच्या मनगटात, मामाचा गुडघा अण्णांच्या छातीवर. मी काठी टाकून पुढे झालो, पण वाकता येईना. नुसता ओरडत राहिलो, "सोडा! अण्णा, मामा, सोडा!" कुणी ऐकत नव्हतं.

आणि शेडमध्ये मशीन किंचाळली.

आई तिच्यासमोर उभी होती. बरोबर तोंडासमोर. डोक्यावरचा पदर घसरून लाकूड सरकवायच्या पट्टीवर पडला होता, त्याचं टोक रुळापासून चार बोटांवर. पात्यांच्या वाऱ्याने ते हलत होतं.

"मारा!" ती तिथून ओरडली. "मारा एकमेकाला! मी हितं हुबी हाय. तुमचं झालं की सांगा."

मी "आई, पदर!" म्हणून जे ओरडलो, त्याने टाक्यांच्या रेषेत आग पेटली. त्या दोघांना मशीनचं काही कळत नव्हतं, पण त्या तोंडातून निघालेल्या ठोकळ्याने माझं काय केलं ते दोघांनीही पाहिलं होतं. वाळूतून ते एकदमच उठले. मामाने आईला मनगटाला धरून असं बाजूला ओढलं की ती त्याच्या अंगावर आपटली. अण्णांनी झेप घेऊन भिंतीतली पिन उपसली, सॉकेटची फळीही खिळ्यासकट हातात आली.

पात्या फिरत राहिल्या, मग मंदावल्या. तिघेही धापा टाकत होते. मामाच्या दंडावरून रक्त आईच्या हातावर गळत होतं आणि त्याने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"वस्ताद," अण्णा म्हणाले, "सोडा आता. काळंनिळं हुईल तिचं."

मामाने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि ती उघडली. आईने पदर खोचला. "भांडू नका म्हणून कवाधरनं म्हणत हुते, ऐकतंय कोण. दंड बांधू द्या. मग खाऊन घ्या दोघंबी, आन् उरलं असलं तर भांडा."

तोवर मी शेडच्या चौकटीला टेकून हळूहळू खाली बसत चाललो होतो. अण्णांनी मला उजवीकडून धरलं. डावीकडून मामा आला, पण त्याचा हात माझ्या काखेतच थांबला. बरगडीजवळ तो न्यायलाच तयार नव्हता. माझा सगळा भार अण्णांवर गेला आणि आम्ही दोघं एका अंगाला कलंडलो.

अण्णांनी माझ्या पाठीमागून हात घातला, मामाचा पंजा धरला आणि माझ्या डाव्या कुशीवर आणून ठेवला.

"नीट धरा," ते म्हणाले. "पडंल पोरगं."